उन्हाधुळीतली सेडान: खेड्यातल्या गाडीमालकानं स्वतः काय बघावं, काय करावं

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुतेक कंपन्या सर्व्हिसचे दोन तक्ते देतात. पहिला सगळ्यांना पाठ असतो: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. दुसरा बारीक अक्षरांत असतो. धूळ, कच्चा रस्ता, कडक ऊन, तीन-चार किलोमीटरच्या सततच्या फेऱ्या, अशा वापरासाठी. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, अमरावतीच्या खेड्यातली गाडी जन्मभर या दुसऱ्या तक्त्यातच बसते. त्यातच सर्व्हिस सेंटर साठ-सत्तर किलोमीटर दूर. म्हणून बिघाड लहान असतानाच पकडणं हे मालकाचं काम आहे, आणि त्यातलं बरंच काम अंगणात होतं.

सामान फार लागत नाही. १०, १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने, चाकाचा पाना (गाडीप्रमाणे १९ किंवा २१ नंबर), हवा मोजायचा गेज, साधा मल्टिमीटर, जाड तारेची जम्पर केबल, पंक्चर किट, चार-पाच फ्यूज, लिटरभर तयार कूलंट, आणि फूटभर लांबीची जाड लाकडी फळी. फळी कशाला, ते पुढे येईल.

होळीच्या आधी

मार्च ते जून हे चार महिने गाडीची खरी परीक्षा घेतात. नवतपा लागल्यावर पळापळ करण्यापेक्षा होळीच्या आधीच्या एका रविवारी दोन तास काढा.

सुरुवात कूलंटपासून. इंजिन थंड असताना, म्हणजे सकाळी, बॉनेट उघडा. कूलंटच्या पांढुरक्या प्लास्टिकच्या बाटलीवर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. कमी असेल तर कॅनवर काय लिहिलंय ते आधी वाचा. तयार कूलंट तसंच ओतायचं असतं. घट्ट कूलंट असेल तर साधारण अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल वॉटर. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांनी आपापल्या सोयीनं ठरवलेले रंग आहेत, पुस्तिकेत कोणता प्रकार सांगितलाय तो बघा. दोन वेगळ्या प्रकारांची मिसळ झाली तर आत गाळ धरू शकतो.

बोअरचं किंवा विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा तर सोडाच, बाकी ठिकाणचं बोअरचं पाणीही बहुधा जड असतं. कुलरच्या ताट्यांवर दर उन्हाळ्यात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या अरुंद होतात, उष्णता बाहेर पडत नाही, आणि दोन उन्हाळ्यांनंतर गाडी चढावर तापायला लागते. मग मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून फेकतो. त्यानं तापमानाचा काटा खाली येतो खरा, पण इंजिन नीट गरम व्हायलाही वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ रोग तसाच राहतो. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवून घ्या, काढून टाकू देऊ नका.

कूलंटची बाटली दर महिन्याला भरावी लागत असेल तर ते कुठंतरी गळतंय. वरची आणि खालची जाड रबरी होज दाबून बघा. निरोगी होज दाबल्यावर परत फुगते. फुसफुशीत किंवा कडक होऊन तडकलेली असेल तर बदला, क्लिपसकट. पाण्याच्या पंपाखाली वाळलेल्या रंगीत रेघा दिसतात का बघा. बाहेर काहीच दिसत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि खालचा ब्लॉक यांमधल्या सीलचा) संशय घ्या आणि गाडी चालवणं थांबवा. (फक्त थंडीत, लहान फेऱ्यांच्या गाडीत झाकणाखाली थोडी साय धरते, ती वाफेची. एकदा लांब चालवल्यावर जाते.)

काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं किंवा वासरू चाटून गेलं तर जिवावर बेततं.

पंखा चालतो का, हे तपासायला गाडी तापू द्यायची गरज नाही. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा काही क्षणांतच फिरायला लागतो. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा छोटा स्विच), मग मोटर, या क्रमानं बघायचं. फ्यूजचे रंग लक्षात ठेवा: १० अँपियर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जळालेल्याच्या जागी त्याच रंगाचा लावायचा. मोठा फ्यूज लावला किंवा तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

रस्त्यात काटा लाल पट्ट्यात गेलाच, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात लावा. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. सावली बघून गाडी उभी करा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या बाटलीच्या झाकणाला हात लावू नका. आत दाब असतो, त्यामुळं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते कारंज्यासारखं तोंडावर येतं. इंजिनवर थंड पाणी ओतणंही टाळा. ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं आणि मग खर्च हजारांत जातो. थंड झाल्यावर कूलंट नसेल तर पिण्याच्या आरओच्या पाण्यानं वेळ निभावता येते. घरी पोचल्यावर ते काढून कूलंट भरा. भरताना हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन थंड असतानाच सुरू करा, आणि पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत बुडबुडे निघू द्या. वर येणाऱ्या पाण्यापासून हात-तोंड दूर ठेवा. हवा आत अडकली तर नवं कूलंट असूनही गाडी तापते, आणि बरेच जण इथंच फसतात.

टायर: उन्हाळ्यात हवा कमी करू नका

"उन्हात हवा फुगते म्हणून दोन-चार पॉइंट कमी भरा," हा सल्ला पंक्चरच्या दुकानापासून सासऱ्यांपर्यंत सगळे देतात, आणि तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यानं तापते आणि तापून फाटते. समृद्धी महामार्गावर काँक्रीटवर तासन्‌तास १२० च्या वेगानं जाणाऱ्या गाडीला हेच भोवतं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर लिहिलेला दाब (छोट्या सेडानमध्ये साधारण ३० ते ३३ पॉइंट, म्हणजे पीएसआय) सकाळी, टायर थंड असताना भरा. दुपारी चालून आल्यावर तो चार-पाच पॉइंट वाढलेला दिसेल. ते ठरलेलंच आहे, सोडायचं नाही. भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर वेगळा आकडा असतो, तोही वाचा. नायट्रोजनचे पैसे वाचवले तरी चालतं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरची जन्मतारीख बाजूवर चार आकड्यांत असते. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटर उरली की टायर कायद्यानं बाद. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांना नक्षी टेकली की तेच समजा. खरं तर पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. नक्षी बरी असली तरी बाजूला बारीक भेगांचं जाळं दिसलं तर टायर म्हातारा झालाय. मधोमध घासला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना घासला असेल तर कमी, एकाच कडेला असेल तर अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) बिघडलंय किंवा लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) वाकलाय.

पांदणीनं जाणाऱ्या गाडीला बाभळीचा काटा ठरलेला. ट्यूबलेसमधला काटा लगेच उपटू नका. हवा हळू जात असेल तर घरापर्यंत येता येतं. चाक बदलावंच लागलं तर क्रम असा:

१. गाडी सपाट, टणक जागी. हॅण्डब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, बदलायच्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकामागं-पुढं दगड लावा.
२. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. आधी उचलून मग जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते.
३. जॅकखाली ती फळी ठेवा. काळी माती वरून टणक वाटते आणि वजन पडलं की जॅक गिळते.
४. जॅक दाराखालच्या पत्र्याला जिथं दोन खाचा असतात, बरोबर त्यांच्या मध्ये लावा. दुसरीकडं लावला की पत्रा चेपतो.
५. स्टेपनी बसवून नट हातानं फिरवा, गाडी खाली घ्या, मग समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा. पान्यावर उभं राहून उड्या मारू नका. बोल्टचे आटे जातात.
६. पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून बघा.

स्टेपनीत हवा आहे का, हे महिन्याला बघायचं. ती ऐन वेळी बसलेली सापडते, आणि बहुतेकदा रात्रीच.

बॅटरी आणि सेल्फ

बॅटरी हिवाळ्यात बंद पडते हे थंड मुलखातलं शहाणपण. इकडं ती उन्हाळ्यात मरते. उष्णतेनं आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात, आणि ती बातमी मात्र पुढच्या थंडीत सकाळी कळते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर चार्ज करतोय. नव्या काही गाड्या मधूनच चार्जिंग कमी करतात, तेव्हा दिवे आणि ब्लोअर लावून एकदा खात्री करा. तरीही १३ च्या खालीच असेल तर नवी बॅटरी आणून उपयोग नाही, तीही आठवड्यात बसेल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर १० नंबरच्या पान्यानं आधी ऋण बाजू काढा, मग धन. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, आधी धन आणि शेवटी ऋण जोडा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. क्रम चुकला आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. बॅटरीला पाणी भरायची झाकणं असतील तर फक्त डिस्टिल वॉटर, प्लेटांच्या वर बोटभर. ॲसिड कधीच नाही.

किल्ली फिरवली आणि गाडी निघाली नाही, तर आवाज ऐका. टकटकटक अशी झड लागली तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल सैल. एकच "टक" आणि हेडलाइट झगझगीत, तर सेल्फचा दोष. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका. पेट्रोल किंवा स्पार्क पोचत नाहीये. ढकलून सुरू करायची तर दुसऱ्या गिअरमध्ये, पण बॅटरी पार मेलेली असेल तर आजकालच्या गाडीचा पेट्रोल पंप आणि कॉम्प्युटरच जागे होत नाहीत, गाव दमतं आणि गाडी तिथंच राहते. ऑटोमॅटिक गाडीला तर ढकलण्याचा उपयोगच नाही. जम्पर लावताना लाल केबल दोन्ही धन टोकांना, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

मृगाच्या आधी

वायपरचं रबर उन्हानं कडक होतं, ते मेअखेर बदला. बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीत निंबाची पानं साचतात. ती काढली नाहीत तर पाणी ब्लोअरमध्ये आणि तिथून आत उतरतं. डाव्या सीटच्या पायदानाखाली ओल दिसली तर कारण ओळखायची सोपी रीत आहे. फक्त पावसानंतर दिसली तर ही जाळी. एसी लावल्यावर दिसली तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली. चिकट आणि गोडसर वासाची असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय.

काळ्या मातीचा चिखल हा वेगळाच प्राणी आहे. तो चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला थापला जातो आणि वाळून दगड होतो. मग ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंगवाल्याकडं धावतो. आधी रिम आतून धुवा, निम्म्या वेळा थरथर तिथंच संपते. मडगार्डच्या आतला चिखल ओला असतानाच पाइपानं काढा. तो ओल धरून ठेवतो आणि दाराखालचा पत्रा आतून खातो. दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची बारीक भोकं काडीनं मोकळी करा.

नाल्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. अर्ध्या चाकापर्यंतच्या स्थिर पाण्यातून पहिल्या गिअरवर, एका चालीनं जाता येतं. वाहत्या पाण्यात तेवढंही नको. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टोचन लावून मिस्त्रीकडं न्या. पाण्यातून सुखरूप बाहेर आलात तर पन्नास मीटर ब्रेक हलका दाबून चालवा, लायनर कोरडे होतात. पावसाळ्यात रात्री सपाट जागी हॅण्डब्रेकऐवजी गिअरमध्ये उभी करून चाकाला दगड लावा. मागच्या ब्रेकचे ड्रम गंजून चिकटत नाहीत.

ब्रेक ऑइलची पातळी खाली दिसली तर नुसतं भरून मोकळं होऊ नका. ती दोनच कारणांनी उतरते: पॅड झिजले किंवा कुठं गळती आहे. रिमच्या फटीतून टॉर्च मारून पॅड बघा, ३ मिलिमीटर उरले की बदलायचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, म्हणून गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी बदलायचंच.

सोयाबीन, कापूस, तूर: धुळीचे महिने

एअर फिल्टर उघडायला बहुतेक गाड्यांत चार क्लिपा किंवा दोन स्क्रू असतात. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. हलक्या दाबाच्या हवेनं आतून बाहेर फुंकायचा. उलटं केलं तर धूळ कागदात रुतते. उजेडाकडं धरून बघा: आरपार प्रकाश दिसत नसेल, कागद फाटला असेल किंवा तेलकट असेल तर नवा. मळणीच्या दिवसांत पंधरा दिवसांनी बघावा. फिल्टर काढून "थोडे दिवस" गाडी चालवणं म्हणजे सिलिंडरला पॉलिश पेपर लावणं.

कापसाचे तंतू आणि तुरीचं कुटार समोरच्या एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरच्या पुढच्या, एसीची उष्णता बाहेर सोडणाऱ्या जाळीच्या) पत्र्यांत अडकतात. एसी कमी गार, गाडी जास्त गरम, आणि दुकानदार गॅस भरून देतो. इंजिन थंड असताना साध्या पाइपानं, हळू धारेनं, जमेल तितकं आतून बाहेर धुवा. वॉशिंग सेंटरची जोरदार धार जवळून मारली तर पातळ पत्र्या मिटतात. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर आधी गळती शोधून घ्या. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर मात्र तुमचा तुम्ही दहा मिनिटांत बदलू शकता.

शेत रिकामं झालं की उंदीर घराकडं येतात, आणि गरम इंजिन त्यांना गोठ्यापेक्षा आवडतं. कुटाराच्या ढिगाशेजारी आणि पराटीच्या गंजीजवळ गाडी लावू नका. एक-दोन दिवसांआड बॉनेट उघडा, रात्री शक्य असेल तर उघडंच ठेवा. एसीच्या हवेच्या तोंडाला पाव इंची लोखंडी जाळी बसवा. तंबाखूची पानं, फिनाइल, बाजारातले फवारे हे सगळं चार दिवसांचं औषध आहे. कुरतडलेली वायर सापडली तर नुसती टेप गुंडाळू नका, सोल्डर करून श्रिंक नळी लावा.

रब्बीच्या खताला सेडानची डिकी सोयीची वाटते. युरियाच्या चार गोण्या म्हणजे १८० किलो, त्यात चार माणसं. मागच्या स्प्रिंगा बसतात आणि खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. शिवाय सांडलेला युरिया ओल धरून पत्रा खातो. न्यावाच लागला तर खाली ताडपत्री घाला आणि नंतर डिकी झाडून स्टेपनीचा खळगाही पुसा. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर दोन्ही चाकं चाकोरीत न घालता एक मधल्या उंचवट्यावर ठेवा. सेडानचं पोट जमिनीपासून जेमतेम १६-१७ सेंटीमीटर असतं, आणि ऑइलचं चेंबर तिथंच आहे.

खड्ड्यात हलका "टक" आवाज येत असेल तर बहुधा लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी), स्वस्तातलं काम. ब्रेक लावताना किंवा रिव्हर्स घेताना "धप" आवाज येत असेल तर लोअर आर्मचा बुश (रबरी जोड). पूर्ण स्टिअरिंग वळवून चालवताना "कटकट" येत असेल तर ॲक्सलचा जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटलाय का, हे प्रत्येक पंक्चरच्या वेळी वाकून बघा. बूट वेळेत बदलला तर काहीशेत भागतं, फाटक्या बुटातून धूळ गेली की आख्खा ॲक्सल जातो.

ऑइल आणि मिस्त्री

डिपस्टिक आठवड्याला बघा: सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, पुसून पुन्हा घालून. पातळी दोन खुणांच्या मध्ये. वरच्या खुणेच्या पुढं भरलं तर क्रँक (इंजिनमधला फिरता दांडा) त्यात घुसळतो आणि फेस होतो. काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही, डिझेल गाडीत ते लवकरच काळं पडतं. आमचं मत: ५,००० ते ७,००० किलोमीटरला बदला, ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० जो ग्रेड पुस्तिकेत असेल तोच, छोट्या इंजिनला ३ ते ४ लिटर. अंगणात जॅकवर उचलून सेडानखाली शिरू नका, तालुक्याच्या रॅम्पवर करून घ्या. पण समोर उभे राहा. सीलबंद कॅन तुमच्यासमोर उघडला पाहिजे, ड्रेन बोल्टचं वॉशर नवं पाहिजे, फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवून तो टेकल्यानंतर हातानं पाऊण फेराच आवळला पाहिजे. रिकाम्या कॅनला भोक पाडून परत द्या, म्हणजे त्यात नकली ऑइल भरून विकलं जाणार नाही. जळकं ऑइल धुऱ्यावर किंवा विहिरीकडं ओतू नका, मिस्त्रीच्या पिंपात जाऊ द्या.

डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला तर "पुढच्या गावापर्यंत" नाही, तिथंच इंजिन बंद. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर आठवड्याभरात स्कॅन करून घ्या. लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, वेग कमी करून लगेच जवळच्या मिस्त्रीकडं जा, नाहीतर सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

एअरबॅग, स्टिअरिंग रॅक, ब्रेकचे पाइप, एसीचा गॅस आणि पेट्रोलची लाइन, या पाच गोष्टींना घरी पाना लावायचा नाही. मिस्त्रीकडं जाताना "आवाज येतो" एवढंच सांगू नका. थंड गाडीत की गरम, किती वेगाला, वळताना की ब्रेकला, डावीकडं की उजवीकडं, हे वहीत लिहून न्या. त्याच पानावर तारीख, किलोमीटर आणि बदललेला पार्ट लिहा. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या, गाडी सुरू करायच्या आधी.